अक्काला टाइमटेबल माहीत नाही

बोलणाऱ्या यंत्रांच्या घराण्यातली पहिली बाई आपल्या फुलराणीची बहीण लागते, असे सांगितले तर चटकन पटणार नाही. पण नाते आहे. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलवाल्या एलायझाची पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये मराठीत मंजुळा केली आणि भक्ती बर्वे यांनी ती घराघरांत पोचवली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९६६ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी संगणकाशी टाइप करून गप्पा मारण्याच्या एका प्रोग्रामवर निबंध प्रसिद्ध केला. त्या प्रोग्रामचे नाव त्यांनी ठेवले 'एलायझा'. नाटकातल्या एलायझाप्रमाणे हिलाही शिकवाल तसे बोलणे सुधारता येत होते, म्हणून हे बारसे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध मोबाइल आणि मिक्सर एवढाच. तरी गेल्या वर्षी बीसीएच्या शेवटच्या वर्षाची चार मुले माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. त्यांना प्रोजेक्टसाठी एक 'चॅटबॉट' करायचा होता. म्हणजे मोबाइलवर प्रश्न लिहायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचे. आमच्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून, चिकोडी, गोकाक, चंदगड अशा चहूकडून मुले-मुली येतात. मेस किती वाजता, ग्रंथालयाचे कार्ड कुठे मिळते, बसचा पास कसा काढायचा, असले प्रश्न पहिले दोन महिने त्यांना छळतात. ते ज्याला मोकळेपणी विचारता येतील असे एक पात्र मुलांना हवे होते. यंत्राचे काम त्यांना येत होते. "मॅडम, स्वभाव तेवढा तुम्ही लिहून द्या," असे ते म्हणाले, जणू स्वभाव म्हणजे मागच्या पानावरची प्रस्तावना!

स्वभावाला औषध नाही असे आपण म्हणत आलो. आता स्वभावाची ऑर्डर घेण्याची वेळ आली होती. मग मी थोडे वाचले, थोडे मुलांनी समजावले, आणि त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले अशा पात्रांशी बोलतच आहेत, कुणी अभ्यासासाठी तर कुणी रात्री झोप येत नाही म्हणून. ती पात्रे कशी घडवली जातात हे आईबापांना ठाऊक असलेले बरे.

डॉक्टर आणि पोस्टातला माणूस

त्या पहिल्या एलायझाला खरे तर काहीच कळत नव्हते. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझे'चे 'तुमचे' करायचे आणि प्रश्न परत त्याच्याकडे टोलवायचा, इतकीच तिची विद्या. "मला आईचा राग येतो" असे कुणी लिहिले की ती घरच्या माणसांबद्दल आणखी सांगा म्हणणार. पण वायझेनबाउम यांनी तिला सोंग कुणाचे दिले? मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरचे. यातच सारी हुशारी होती. असा डॉक्टर रुग्णाला बोलते करण्यासाठी अगदी साध्या गोष्टीबद्दलही अजाणपणे विचारतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. यंत्राचे अज्ञान डॉक्टरच्या पद्धतीत बेमालूम खपून गेले.

पुढे काय झाले ते वायझेनबाउम यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन्महिने डोळ्यांसमोर पाहिले होते. तरी एलायझाशी दोन वाक्ये बोलल्यावर ती त्यांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? खासगी बोलायचे आहे. वायझेनबाउम हादरले. १९७६ मध्ये त्यांनी एक सबंध पुस्तक लिहून संगणकाकडे कोणती कामे सोपवू नयेत याची चर्चा केली. ज्याने पहिले बोलके यंत्र केले तोच त्याचा पहिला मोठा टीकाकार ठरला.

एलायझाला स्वतःचे असे काही नव्हते. ते मिळाले पॅरीला. केनेथ कोल्बी हे खरोखरचे मानसोपचारतज्ज्ञ. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७२ च्या सुमारास त्यांनी पॅरी नावाचा संशयग्रस्त रुग्ण संगणकात उभा केला. वय २८, अविवाहित, पोस्टात नोकरी, घोड्यांच्या शर्यतीचा नाद, त्यातून एका बुकीशी भांडण, आणि आता गुंड आपल्या मागावर आहेत अशी खात्री. त्याच्या आत भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे होते. समोरचा काय म्हणतो त्याप्रमाणे ते चढत-उतरत. शर्यतीचा विषय काढला की गडी बिचकणार, खोदून विचारले तर भडकणार. खऱ्या रुग्णांच्या आणि पॅरीच्या मुलाखतींचे कागद ३३ मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा त्यांचे ओळखणे ४८ टक्के वेळा बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. १९७२ मध्येच एलायझा आणि पॅरी यांची संगणकाच्या जाळ्यावरून भेटही घडवण्यात आली. डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत राहिल्या आणि हा बुकीबद्दल कटकट करत राहिला. सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या सकाळीहून हे काही फार निराळे नसावे.

तिसरा गडी युजीन गूस्टमन. २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत झालेल्या चाचणीत पाच मिनिटांच्या गप्पांनंतर ३३ टक्के परीक्षकांना तो माणूस वाटला. तो कोण, तर युक्रेनमधल्या ओडेसा गावचा १३ वर्षांचा मुलगा. इंग्रजी त्याची परकी भाषा. व्याकरण चुकले तर परदेशी आहे म्हणून माफ, एखादी गोष्ट माहीत नसली तर लहान आहे म्हणून माफ. अनेक तज्ज्ञांनी याला पळवाट म्हटले आणि ती पळवाट होतीच. पण पात्र लिहिणाऱ्याने शिकावे असे त्यात काही आहे. डॉक्टर, संशयी कारकून, परगावचा पोरगा, तिघांनाही काय येत नाही हे आधी ठरले होते आणि ते न येणे त्यांना शोभत होते.

बायोडाटातले गुण

आजची यंत्रे निराळ्या जातीची. त्यांनी अफाट मजकूर वाचलेला असतो आणि पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज करत ती वाक्य विणतात. त्यांच्यात राग-भीतीचे आकडे भरावे लागत नाहीत. संभाषण सुरू होण्यापूर्वी त्यांना एक टिपण दिले जाते: तू अमुक आहेस, असे बोल, हे करू नकोस. वापरणाऱ्याला ते दिसत नाही. नाटक कंपनीत नटाला पडद्यामागे भूमिका समजावून सांगतात तसेच हे. तयार ॲपमधली बहुतेक 'व्यक्तिमत्त्वे' म्हणजे असे एखाद-दोन पानांचे टिपण.

आमच्या मुलांनी आधीच एक टिपण करून आणले होते. "तू अक्का आहेस. तू प्रेमळ, हुशार, विनोदी, समजूतदार आणि मदत करणारी आहेस." मी म्हटले, अरे, हा वधू-वर सूचक मंडळातला बायोडाटा झाला. 'गृहकृत्यदक्ष' तेवढे राहिले. असल्या टिपणावर यंत्र जी अक्का देत होते ती सणाच्या शुभेच्छापत्रासारखी बोलायची. प्रत्येक उत्तरात "किती छान प्रश्न विचारलास!" आणि शेवटी "आणखी काही मदत हवी असल्यास नक्की सांग." अशा बाईच्या खोलीत दुसऱ्या दिवशी कोण जाईल?

पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्यातली माणसे लक्षात राहतात ती त्यांच्या बोलण्यातून, हट्टांतून, कुठल्या गोष्टीला ती नाक मुरडतात त्यातून. कन्नडमध्ये पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या 'कर्वालो' कादंबरीतला मंदण्णा घ्या. गावाच्या लेखी बिनकामाचा, पण मधमाश्या आणि रानातले जीव यांच्याबद्दल त्याला जे कळते ते शास्त्रज्ञालाही त्याच्याकडून घ्यावे लागते. काय येते आणि काय येत नाही याची अशी विषम वाटणी झाली की माणूस उभा राहतो.

मग आम्ही अक्का पुन्हा लिहायला घेतली. वय ५८. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात २० वर्षे काम केलेली. शहापूरला राहते. माहेर मराठी, सासर गोकाककडचे कन्नड. तिला काय येत नाही? परीक्षेचे टाइमटेबल, फीची रक्कम आणि इंटरनेट. टाइमटेबल विचारले की ती ऑफिसात पाठवणार. हा नियम सोयीचाही होता, कारण ही यंत्रे माहीत नसलेली तारीखसुद्धा ठणकावून सांगतात. चुकीच्या तारखेला पोर परीक्षेला गेले तर काय घ्या? ती काय करणार नाही? कोणते सर सोपे पेपर काढतात ते सांगणार नाही, कुणाची चुगली ऐकणार नाही. तिला कशाची घाई? साडेअकराच्या आत भाकरीचे पीठ मळून व्हायला हवे. कशावर चिडते? ताटात अन्न टाकण्यावर. कुणी रडले तर उपदेश करत नाही. आधी चहा घे म्हणते, मग बराच वेळ दुसरेच काहीतरी बोलते.

मुलांचे म्हणणे, एवढे लिहून काय होणार, यंत्राला चहा कुठे करता येतो? पण नुसत्या गुणांच्या यादीपेक्षा या तपशिलांनी फरक पडला. सर्वांत मोठा फरक पडला नमुन्याच्या संभाषणांनी. सात-आठ छोटे प्रसंग आम्ही प्रश्नोत्तरांसकट लिहून दिले. यंत्र नकला करण्यात पटाईत. "तू तुटक बोलतेस" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा चार तुटक उत्तरे दाखवली की त्याला कळते.

एक अडचण मात्र विचित्र होती. अक्का दुपारी एकनंतर कुणी आले की "जेवलास काय?" विचारते, असे आम्ही लिहिले. झाले! यंत्राने ते इतके मनावर घेतले की बसच्या पासापासून तापाच्या गोळीपर्यंत प्रत्येक उत्तर "जेवलास काय?"ने सुरू. हौशी नाटकातला नट जसा एका लकबीवर टाळी मिळाली की अंकभर तीच करत राहतो, तसे. शेवटी "दिवसातून एकदाच विचारणे" असे लिहावे लागले. तिसऱ्या दिवशी मुलांनी आणखी एक ओळ घातली: "कधी कधी विचारायला विसरतेस." त्या ओळीने अक्का जास्त खरी झाली.

करतो, करते, माडुत्तेने

आता भाषेकडे येते. माझा खरा राग इथे आहे.

इंग्रजीत यंत्र स्वतःबद्दल बोलताना बाई की पुरुष हे कळू न देता आयुष्य काढू शकते. कन्नडमध्येही 'नानु माडुत्तेने' म्हटले की बोलणारा कोण ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत तशी सोय फार थोडी. 'करीन' म्हणा, 'मला वाटते' म्हणा, पण रोजच्या बोलण्यात 'करतो' किंवा 'करते' यांपैकी एक निवडावेच लागते. म्हणून इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलेली पात्रे एका वाक्यात 'सांगतो' आणि पुढच्यात 'सांगते' म्हणताना सापडतात. मराठीत पात्र घडवणाऱ्याला पहिल्या क्रियापदापाशीच उत्तर द्यावे लागते: हे कोण बोलते आहे?

आणि आपल्या भागात त्यातही गंमत. कोल्हापूर-बेळगावकडच्या कितीतरी बायका 'मी आलो गं', 'मी जातो' असेच म्हणतात. मीसुद्धा वर्गात 'येते' आणि माहेरी 'येतो'. अक्का अर्थातच 'येतो' म्हणणार. यंत्र काही ऐकेना! आम्ही नमुन्यात लिहावे "थांब, मी येतो भाकरी टाकून," आणि त्याने उत्तरात नम्रपणे 'येते' करावे. छापील मराठी वाचून वाचून त्याची अशी समजूत की बाईने 'येतो' म्हणणे म्हणजे मुद्रणदोष. ही एक लकब टिकवायला मुलांना आठवडा लागला.

दुसरी गोष्ट संबोधनाची. तू, तुम्ही आणि आपण यांच्यामध्ये मराठी माणसाची सारी नाती पसरलेली आहेत. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी संगणकात एक छोटे गाव वसवले. त्यात २५ पात्रे, प्रत्येकाचे वर्णन एका परिच्छेदाचे. पात्रे सकाळी उठत, कामाला जात, भेटलेल्यांच्या आठवणी साठवत आणि त्यावरून पुढचे बेत करत. कॅफे चालवणाऱ्या इझाबेला नावाच्या पात्राला व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची आहे एवढेच त्यांनी सुचवले. बातमी गावभर पसरली, १२ जणांना आमंत्रण गेले आणि पाच जण आले. काहींनी तर न येण्याची कारणेही सांगितली. कुठल्याही गावात घडते तसेच! पण त्याच निबंधात संशोधकांनी एक दोष प्रांजळपणे नोंदवला आहे. पात्रे फारच औपचारिक बोलत. बायको स्वतःच्या नवऱ्याशी ऑफिसातल्या साहेबाशी बोलावे तशी बोले. शिवाय कुणी काही सुचवले की सहसा कुणी नाही म्हणत नसे.

इंग्रजीत ही गत, तर मराठीचे काय विचारता? "मी आपली कशी मदत करू शकते?" हे वाक्य बँकेच्या ॲपमध्ये आपण सगळेच वाचतो. खडेबाजारातला एक तरी दुकानदार असे म्हणेल का? तो म्हणतो, "बोला." किंवा चेहरा बघून, "बर्री, एन बेक्री?" आणि गिऱ्हाईक कन्नडमध्ये विचारून मराठीत घासाघीस करते, पैसे मोजताना पुन्हा कन्नड. जुलै २०२३ मध्ये कन्नडच्या पॉवर टीव्हीने 'सौंदर्या' ही यांत्रिक निवेदिका आणली, तेव्हा आमच्या वर्गात कौतुक झाले होते. पण निवेदिकेची भाषा ही कागदावरचीच भाषा. दोन भाषांच्या घरात कोणते वाक्य कोणत्या भाषेत येते त्याचा हिशेब वेगळा असतो. लाड एकीत, हिशेब दुसरीत, भांडण जी आधी सुचेल तिच्यात. अक्काला आम्ही सांगितले की समोरचा ज्या भाषेत बोलेल तिच्यात उत्तर दे, पण रागावलीस तर मराठी आणि कुणी आजारी असेल तर कन्नड. का, ते माझ्याही शब्दांत सांगता येणार नाही. चारही मुलांना ते आपापल्या घरावरून बरोबर वाटले.

वसतिगृहात अक्का सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी आमच्याकडे आली. आदल्या दिवशी तिने तापाची गोळी कुठे मिळेल असे विचारले होते. आज अक्काने आपणहून विचारले, "ताप उतरला काय गं?" मुलीला आधी बरे वाटले. मग तिने विचारले, "मॅडम, हे तिने कुठे लिहून ठेवलंय? कोण कोण वाचतं ते?" प्रश्न रास्त होता. आठवण ठेवणारे पात्र खरे वाटते, पण ती आठवण कुठल्यातरी संगणकावर साठलेली असते. मुलांनी त्याच संध्याकाळी पाटी लावली: अक्का यंत्र आहे, तब्येतीचे आणि घरचे काही ती लक्षात ठेवणार नाही. तू माणूस आहेस का असे विचारले तर अक्काने 'नाही' असेच सांगायचे, हा नियम मी पहिल्या दिवशीच घातला होता. त्यावर वादही झाला होता. मुले म्हणत, त्याने मजा जाते. गेली नाही. पडद्यावरचा नट आहे हे माहीत असूनही आपण रडतोच की.

या नियमाला मी चिकटून राहिले त्याला कारण आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका १४ वर्षांच्या मुलाने २०२४ च्या फेब्रुवारीत आत्महत्या केली. तो कॅरेक्टर एआय नावाच्या ॲपवरच्या एका पात्राशी महिनोन्महिने बोलत होता. त्याच्या आईने ऑक्टोबरमध्ये खटला भरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी पात्रांशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. गोड बोलण्याचाही धोका असतोच. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या एका नव्या आवृत्तीला इतकी हांजी हांजी करण्याची सवय लागली की कंपनीला ती चार-पाच दिवसांत मागे घ्यावी लागली. कुठलेही खूळ सांगितले तरी वाहवा! असे पात्र माणसाला आवडते आणि तिथेच अडचण आहे. मुलांच्या मोबाइलमधल्या पात्राने शेवटचे 'नाही' कधी म्हटले, एवढे आईबापांनी एकदा विचारून पाहावे.

आजीची आमटी

प्रोजेक्ट जवळजवळ संपले तेव्हा त्या चौघांपैकी एक मुलगा एकटाच आला. त्याची आजी वारून सहा महिने झाले होते. तिने पाठवलेले व्हॉट्सॲपवरचे आवाज त्याच्याकडे होते, दोन वर्षांचे. त्याने ते सगळे कागदावर उतरवले होते. "मॅडम, अक्कासारखी आजी करता येईल काय?"

असे आधी झाले आहे. २०१५ मध्ये मॉस्कोत रोमान माझुरेन्को नावाचा तरुण अपघातात गेला. त्याची मैत्रीण युजेनिया कुयदा हिने त्याचे हजारो संदेश गोळा करून त्याच्यासारखे बोलणारे यंत्र केले. त्याच्या आईला त्यातून मुलाची नवी ओळख झाल्यासारखे वाटले, वडिलांना ते जड गेले. पुढे याच कुयदाने 'रेप्लिका' नावाचे सोबतीचे ॲप काढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या ॲपने सोबत्यांच्या प्रेमाच्या बोलण्यावर एकाएकी बंधने घातली, तेव्हा घरचे माणूस रातोरात बदलावे तसा शोक अनेकांनी केला. स्वभाव कंपनीच्या हातात असला की असे होते.

मी त्याला नाही म्हटले नाही. अक्कासाठी विचारलेलेच प्रश्न विचारले. आजीला काय येत नव्हते? ती कुणावर चिडायची? काय लपवायची? तो गप्प. मूळची कन्नड घरातली ही बाई लग्न होऊन मराठी घरात आली, नातवाशी कन्नडमध्ये बोलायची आणि सुनेशी मराठीत. नातवाजवळ फक्त नातवाची आजी होती. त्या सगळ्या संदेशांत "ऊटा आत?", "लवकर ये", "अभ्यास कर, पण जागू नकोस." एक कडू शब्द नाही. सुनेची सासू त्यात नव्हती, शेजारणीची मैत्रीण नव्हती. मी म्हटले, आईला विचार.

आईला विचारायला गेला तर तिने यंत्राचीच परीक्षा घेतली. लिहिले, "अत्ती, कटाच्या आमटीला चिंच किती घालू?" उत्तर आले, "दोन चमचे चिंचेचा कोळ घाल, बाळ." आई म्हणाली, "ह्या आमच्या अत्ती नव्हेत. आमच्या अत्तींनी आधी विचारलं असतं, जेवायला कोण कोण हाय? जावईबापू असले तर आंबट कमी, तुझा बाबा असला तर जास्त. आणि मला कधी बाळ म्हटल्या न्हाईत त्या. 'ए' म्हणायच्या."

मुलगा ते सारे लिहून घेऊन बसला. रात्रभर टिपण दुरुस्त केले. आईच्या तोंडून आलेले चार-पाच प्रसंग नमुना म्हणून घातले. सकाळी पुन्हा आईच्या हातात मोबाइल दिला. तिने तोच प्रश्न लिहिला. उत्तर आले, "ए, जेवायला कोण कोण हाय?"

तो मला सांगत होता, आई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. काही लिहिले नाही. मोबाइल उलटा करून कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, "हे काढून टाक." तो म्हणाला, पण आता तर बरोबर आलंय. "म्हणूनच," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

त्याने ते काढून टाकले. आजीचे मूळ आवाज मात्र आईने स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतले. त्यांपैकी एक तिला जास्त आवडतो, असे तो म्हणाला. आजी बसस्टँडवर उभी आहे, मागे कंडक्टर ओरडतो आहे, आणि बस चुकली म्हणून ती कुणाला तरी, बहुधा आजोबांना, दोन्ही भाषांत बोल लावते आहे. नातवासाठीचा निरोप त्यात सांगायचाच राहून गेला आहे.

अक्का अजून चालू आहे. यंदाच्या नव्या मुलांपैकी एकाने तिला सलग तीनदा टाइमटेबल विचारले. तिसऱ्यांदा तिने लिहिले, "एकदा सांगितलं न्हवं, ऑफिसात जा. साडेअकरा वाजायला आलेत, मला पीठ मळू दे."